ज्या चेंडूवर मी बसले

२९ ऑगस्ट १९२१, सोमवार

ही डायरी बँकेने जानेवारीत फुकट दिली होती. तेव्हापासून मी तिच्यावर गरम पातेलं टेकवत होते. आज तिचं बूड पुसून लिहायला घेतली, कारण आज लिहिण्यासारखं घडलंय. माझा काझिक परत मैदानात उतरला.

मी शाळा केली चार हिवाळे, तीही मायदेशी, गावच्या चर्चची घंटा वाजवणाऱ्याकडे. त्याला स्वतःलाच निम्मी अक्षरं येत होती. तेव्हा चुका असणारच. वाचणार कोण आहे म्हणा.

काझिक माझा नातू. त्याची आई वारली तेव्हा तो माझ्या गुडघ्याला धरून चालायचा, आता दारातून आत येताना वाकतो. आमच्या गावात काचेचा कारखाना आहे, म्हणून आमच्या संघाला सगळे काचवाले म्हणतात, आणि माझा नातू त्या काचवाल्यांकडून पगार घेऊन बेसबॉल खेळतो. खेळायचा पगार मिळतो हे माझ्या नवऱ्याला, देव त्याला शांती देवो, कधी पटलंच नाही. तो भट्टीपुढे काच फुंकता फुंकता गेला. पेपरात काझिकचं नाव केसी असं छापतात. आमच्या आडनावाला त्यांच्याकडे अक्षरं पुरत नाहीत म्हणे.

जूनमध्ये पलीकडच्या बंदराच्या संघाचा तो टिलसन, चेंडू फेकणारा, त्याने याच्या डाव्या कानशिलात चेंडू घातला. चेंडू अंगाला लागला की खेळणाऱ्याला फुकटात पहिल्या कोपऱ्यावर जायला मिळतं, असा त्यांचा नियम. म्हणजे डोकं फोडायचं आणि बदल्यात एक कोपरा द्यायचा. तोही काझिकच्या जागी दुसऱ्यानेच धावून घेतला, कारण हा फळीवर आडवा होता.

पण आता बरा आहे. आज दोनदा चेंडू मारला. मी मटारासारखी फुलले. येताना कसायाकडून चांगलं सॉसेज आणलं.

२ सप्टेंबर

कॉफी सांडली, आज पुन्हा. कप मी नेहमीसारखा डावीकडे ठेवला, त्याचा हात आला आणि कप खाली. म्हणतो, मांजराने ढकलला. मांजर तर अंगणात ऊन खात पडलं होतं.

मला वाटतं पोरगा प्रेमात पडलाय. लक्ष नसतं. ताटाकडे मान वाकडी करून बघतो, कोंबडी दाण्याकडे बघते तशी. मेन स्ट्रीटवर चष्म्यांचं दुकान आहे, तिथे गल्ल्यावर शेजारच्या मिसेस डॉर्गनची नोरा बसते. तर हा या आठवड्यात तिथे सारखा जातोय. चष्मा तर लावत नाही. मग काय करायला जातो? मी काही आज जन्मले नाही.

नोरा आयरिश आहे, पण हात कामसू आहेत. आमच्या पिएरोगी, सारण भरून उकडलेल्या करंज्या, करायला शिकवीन.

६ सप्टेंबर, मंगळवार

आज मिसेस डॉर्गनबरोबर सामन्याला गेले. ती सोबत खोकल्याच्या औषधाची बाटली आणते. दारूबंदी झाल्यापासून आमच्या गल्लीत खोकला फार वाढलाय. तिला खोकताना मात्र मी कधी ऐकलं नाही.

मी तिला विचारलं, "हा चेंडू एवढा काळा का गं? सुरुवातीला तर पांढरा होता."

"काळा करतात, रोझालिया. मातीत घोळतात, तंबाखू थुंकून चोळतात. म्हणजे मारणाऱ्याला दिसू नये."

"आणि बदलत नाहीत?"

"आपला मालक बदलेल? मोठ्या शहरात बदलतात आता, गेल्या वर्षी तिकडे तो पोरगा डोक्यात लागून मेला ना, तेव्हापासून. इथे चेंडू कुंपणाबाहेर गेला तरी मालकाचा माणूस मागून धावतो. लोकांत आला तर परत द्यायचा, नाहीतर सरळ दाराबाहेर. माझ्या नवऱ्याने, पॅटने, एकदा कोटात लपवला तर चार आठवडे त्याला आत घेतलं नाही."

तो पोरगा मेला ते मला ठाऊकच नव्हतं. काझिकने सांगितलं नाही. तिने सांगितल्यावर मला पुढचा सामना दिसलाच नाही, नुसता आवाज ऐकू येत होता. फेकणाऱ्याचा हात वर गेला की मी डोळे मिटायचे.

मी जन्मभर लोकांचे कपडे धुतले, आणि हे लोक मुद्दाम मळवतात. घाण तर घाण, पण माणूस मारायची घाण.

११ सप्टेंबर, रविवार

चर्चमध्ये संत सेबॅस्टियनला मेणबत्ती लावली. त्याच्या अंगात बाण घुसलेले असतात, तेव्हा फेकून मारलेल्या वस्तूंचं खातं त्याच्याकडेच असणार असा मी हिशेब केला. त्याच्या शेजारी संत लुचिया उभी असते, डोळ्यांचं खातं तिच्याकडे, हातात ताटली आणि ताटलीत दोन डोळे. लहानपणी मायदेशी आमच्या गावच्या चर्चमध्येही ती होती. मी तिच्याकडे पाठ करून गुडघे टेकायचे, ते डोळे माझ्याकडेच बघतात असं वाटायचं. आजही पाठच केली.

जेवताना काझिक म्हणाला, "बुशा, पुढच्या रविवारी शेवटचा सामना. बंदरवाल्यांशी. जो जिंकेल त्याची ढाल." आम्हा पोलिश लोकांत आजीला बुशा म्हणतात.

"टिलसन फेकणार?"

"दुसरं कोण?"

"तू बस ना त्या दिवशी. पोट दुखतंय म्हण."

तो हसला. म्हणाला, "त्या दिवशी मोठ्या संघाचा माणूस येतोय. मला बघायला. त्याला काय सांगू, पोट दुखतंय?"

मला आनंद व्हायला हवा होता. मोठा संघ म्हणजे रेल्वेने फिरणं, हॉटेलात झोपणं. झालाही आनंद, मी मिसेस डॉर्गनला कुंपणावरून लगेच सांगितलं. पण सूपात मीठ दोनदा घातलं.

"तुला भीती वाटते का रे त्या टिलसनची?" मी विचारलं.

"टिलसनची नाही," काझिक म्हणाला. मग पावाचा तुकडा बराच वेळ चोळत बसला.

१४ सप्टेंबर

आज काही नाही. कोबी खारवला. टिलसन स्वप्नात आला, त्याला तोंडच नव्हतं.

१७ सप्टेंबर, शनिवार

आज चहाच्या वेळेनंतर काझिक मला अंगणात घेऊन गेला. टोपलीभर अक्रोड हातात दिले आणि म्हणाला, "बुशा, तू तिथे नाशपातीखाली उभी राहा आणि माझ्यावर फेक."

"मी? माझा खांदा बघितलास?"

"हळूच फेक. झेलायची सवय हवी."

मी फेकले. उजवीकडे गेलेले सगळे त्याने टिपले, माशी पकडावी तसे. डावीकडे गेलेला एकही नाही. एक तर गालावर बसला, तरी तो जागचा हलला नाही. माझा नेम फार वाईट आहे, चांगले चांगले अक्रोड चिखलात घातले. मी म्हटलं, "मला नाही येत हे, मिसेस डॉर्गनला बोलाव, तिने नवऱ्यावर ताटल्या फेकून हात बसवलाय."

तो हसला नाही. अक्रोड वेचत राहिला. मग नोरा आली, कुंपणापाशी दोघं बोलत राहिली. मी वाळत घातलेले कपडे काढायच्या निमित्ताने जवळ गेले. माझ्या वयाला तेवढा हक्क आहे.

नोरा म्हणत होती, "तू सांग, नाहीतर मी सांगते."

"उद्याचा दिवस जाऊ दे."

"उद्याचा दिवस गेला आणि तूच राहिला नाहीस तर?"

"फक्त उद्याचा एक, नोरा. मग मी स्वतः बुशाला सांगतो."

म्हणजे लग्नाचं ठरलंय. मला आनंदाने कपडे घडी घालता येईनात. पण ती "तूच राहिला नाहीस तर" असं का म्हणाली ते डोक्यातून जात नाही. तिलाही टिलसनचीच भीती असणार. पोरगी गुणी आहे.

१९ सप्टेंबर, सोमवार

काल लिहिता आलं नाही, पेन्सिल धरवत नव्हती. आज कपडे भिजत घातलेत आणि लिहायला बसले. सगळं सांगते, मध्ये मध्ये इकडेतिकडे जाईन, चालायचंच.

दुपारपासून तळ्यावरून ढग आले होते आणि कारखान्याचा धूर खाली बसला होता. उजेड असा, की सुईत दोरा घालता आला नसता. सगळा गाव आला होता. आमचे पाद्रीसुद्धा, साधी टोपी घालून, जणू आम्ही ओळखणारच नाही. मोठ्या संघाचा माणूस खालच्या बाकावर होता, तपकिरी हॅट, शेंगा सोलून टरफलं खिशात ठेवत होता. म्हणजे घरचं वळण चांगलं.

मी आणि मिसेस डॉर्गन कुंपणालगत बसलो होतो. नोरा आमच्याजवळ बसली नाही, कुंपणाला धरून उभीच.

सुरुवातीलाच आमची एक धाव झाली. मग त्यांची झाली. मग आमची दुसरी. आणि मग काझिकने घोळ केला. एक चेंडू उंच उडाला, त्याच्याच डोक्यावर, डावीकडे जरासा. मीसुद्धा झोळीत झेलला असता असा. तो उभा राहिला, हात वर केला, आणि चेंडू त्याच्या बाजूला गवतात पडला. बंदरवाल्यांचा माणूस तिन्ही कोपरे फिरून घरी, म्हणजे मारायच्या जागी, पळत पोचला. दोन दोन झाले.

मागून एक जण ओरडला, "केसी, झोपलायस की मेलायस?"

मिसेस डॉर्गन उठून मागे वळली. "तुझी आई तुला झेलायला विसरली, म्हणून तू असा झालास. बस खाली."

पण तीही मला हळूच म्हणाली, "रोझालिया, आज याचं काय चाललंय गं? बॅट फिरवतोय की डास मारतोय?"

खरंच होतं ते. टिलसन फेकायचा आणि काझिक वाऱ्याला मारायचा. मारायला उभा राहताना खांदा पुढे करून उभे राहतात सगळे, हा मात्र सगळं तोंड टिलसनकडे वळवून उभा, फोटो काढायला उभा राहिल्यासारखा. आणि चेंडू तोच. दुपारी पांढरा होता तो, टिलसनने थुंकून, चोळून, चिखल लावून भट्टीतल्या कोळशासारखा केला. संध्याकाळ झाली तसा मला तो दिसायचाच बंद झाला. टिलसनचा हात पुढे यायचा आणि मग पकडणाऱ्याच्या हातमोज्यात धप्प आवाज यायचा, मधलं काही नाही.

ठरलेले डाव संपले तरी दोन दोन. मग आणखी डाव, त्यात काही नाही. मग आणखी. दिवे कुठले असायला मैदानात. पंचाने दोन्ही कप्तानांना बोलावलं, आकाशाकडे बोट दाखवलं. बोलणं झालं, आणि आमचा हा डाव संपला की थांबायचं असं ठरलं. मी रोझरीची माळ काढली.

त्या डावात आमचे तिन्ही कोपरे भरले, प्रत्येकावर आमचा एकेक पोरगा. दोघं बाद झाले होते. आणि बॅट घेऊन आला काझिक.

तिघं बाद झाले की डाव संपतो, म्हणून आता हा बाद झाला असता तर सामना बरोबरीत सुटून सगळे घरी गेले असते. ढाल गेली असती तर जाऊ दे. मी देवाला म्हटलं, तो बाद होऊ दे. मोठा संघ नको, हॉटेल नको, त्याला वाऱ्याला मारू दे आणि घरी येऊ दे. सख्ख्या आजीने हे मागितलं. पाद्रींना सांगायचं की नाही ते ठरलेलं नाही.

पहिला चेंडू काझिकने बघितलासुद्धा नाही. दुसरा त्याच्या नाकाजवळून गेला आणि तो हललाच नाही. गेल्यावर मान मागे घेतली. सगळे ओरडले, "वा, काय धीर आहे." नोराने कुंपणाच्या तारेवर कपाळ टेकलं.

तिसऱ्याला त्याने बॅट फिरवली आणि चेंडू कडेला लागून मागे उडाला. आमच्याच दिशेने. सगळ्यांनी डोकी खाली घातली. तो बाकावर आपटला, घरंगळला आणि माझ्या बुटाला येऊन थांबला.

मी उचलला. ओला होता. तंबाखूचा वास, एका बाजूची शिवण उसवलेली, मऊ, उंदीर हातात धरल्यासारखा. मी मनात म्हटलं, हाच तो. हाच त्याला मारणार. आणि परत केला तर मीच त्याला टिलसनच्या हातात दिल्यासारखं होईल.

मी तो बाकावर ठेवला, झगा पसरला आणि त्यावर बसले.

मालकाचा माणूस धावत आला. "चेंडू कुठाय, आजीबाई?"

"कुठला चेंडू?"

"आत्ता इथे आला तो."

मिसेस डॉर्गनने माझ्याकडे बघितलं. मी तिच्याकडे. ती म्हणाली, "फळीच्या फटीतून खाली गेला. जा, काढ. खाली मांजरी आहेत, सांभाळून."

"आजीबाई, जरा उठता?"

"माझे गुडघे धरलेत," मी म्हटलं. "उठवायचं असेल तर दोघं या, आणि घरी पोचवायलाही तुम्हीच."

लोक हसायला लागले. मागून एक जण म्हणाला, "अरे, अंडं उबवतायत त्या, त्रास देऊ नका." माझे कान पेटले होते, पण मी हलले नाही. खालून पंच ओरडला, "अंधार पडतोय, नवीन द्या." मालक आपल्या खुर्चीतून काहीतरी म्हणाला ते लिहिण्यासारखं नाही.

नवीन चेंडू आला. पांढरा. अंधारात एवढी पांढरी वस्तू मी पहिल्या बर्फानंतर बघितली नव्हती. टिलसनने तो चोळला, पँटला पुसला, माती लावायला वाकला तर पंच म्हणाला, "फेक आता." टिलसन म्हणाला, "साबणासारखा सटकतोय." मला ते ऐकू आलं, कारण सगळं मैदान गप्प होतं.

आणि तेव्हा मला कळलं मी काय करून बसले. माझ्या हातून साबण सटकतो तेव्हा तो कुठे जातो ते मला माहीत आहे. कुठेही जातो.

टिलसनचा हात वर गेला. मी या वेळी डोळे मिटले नाहीत, का कोण जाणे. चेंडू निघाला आणि मला तो सगळा रस्ता दिसला. सरळ काझिकच्या डोक्याकडे. डाव्या बाजूने. मी ओरडले असेन, मिसेस डॉर्गन म्हणते पोलिशमध्ये ओरडले.

काझिकला दिसला. उशिरा, अगदी उशिरा, पण दिसला. तो गर्रकन वळला, डोकं खांद्यात घातलं आणि पाठ दिली. ओल्या गादीवर बडवणं मारावं तसा आवाज आला. तो गुडघ्यावर पडला आणि पुढे ओणवा झाला.

मी कुंपणाशी कशी पोचले ते माहीत नाही. गुडघ्यांचं खोटं उघडं पडलं. "काझिक, काझिक," मी हाका मारत होते. तो उठला. पाठ धरून उठला. मी त्याच्या डावीकडे, आणि हा मला उजवीकडे शोधतोय.

लोक वेड्यासारखे ओरडत होते, "चाल, केसी, पहिल्या कोपऱ्यावर चाल." मग कळलं. लागलं म्हणून त्याला एक कोपरा, आणि तिन्ही भरलेले, म्हणून प्रत्येक जण एकेक पुढे ढकलला जाणार, आणि तिसऱ्यावरचा घरी येणार. तिसऱ्यावरचा तो पोरगा पळालाही नाही, टोपी हातात घेऊन चालत चालत घरी आला. काझिक वाकडा होऊन पहिल्या कोपऱ्याकडे गेला, त्यावर पाय ठेवला आणि तिथेच बसला. तीन दोन. ढाल आमची.

ढालीचं काय घेऊन बसलात. नोरा कुंपणावरून उडी मारून गेली, स्कर्ट फाटला. मी चेंडू घेऊन आले होते, मला आठवतही नाही. झग्याच्या खिशात होता.

रात्री काझिकच्या पाठीवर डुकराची चरबी चोळली. काळानिळा झालाय, चेंडूची शिवण मोजता येईल इतका. मी चेंडू टेबलावर ठेवला.

"तू ठेवलास," तो म्हणाला.

"बसले होते."

तो हसायला लागला आणि पाठ दुखली म्हणून थांबला. मग म्हणाला, "हा असता तर मला दिसला नसता, बुशा."

"कोणाला दिसला असता त्या अंधारात," मी म्हटलं.

त्याने चेंडू घ्यायला हात पुढे केला आणि हात चेंडूच्या शेजारून गेला. दमलाय पोरगा.

२१ सप्टेंबर, बुधवार

तपकिरी हॅटवाला काल घरी आला होता. मी चांगल्या कपांत कॉफी दिली, केक कापला. म्हणाला, उंच झेल सुटला ते विसरू, पण एवढ्या धीराने उभा राहणारा पोरगा मी बघितला नाही, चेंडू नाकाला घासून गेला तरी हलत नाही, वसंतात ये.

आणि काझिक नाही म्हणाला. सरळ नाही. आभार मानले, हात मिळवला आणि दार उघडून दिलं. म्हणतो, कारखान्यात बाटल्या खोक्यात भरायच्या खात्यात जाणार.

मी हातातला सूप वाढायचा डाव टाकून दिला. "बाटल्या भरायला? देवाने दिलेलं पायाने लोटतोस? नोरा काय म्हणेल?"

"नोरानेच सांगितलंय, बुशा."

"तिला काय कळतं? चष्मे विकते ती."

मी रागाने भांडी आपटली. सूप वाढलं. तो खात होता, मान वाकडी करून. मी मीठ आणायला त्याच्या मागून डाव्या बाजूने गेले आणि काय मनात आलं, हातातला चमचा त्याच्या गालाशी धरला, डोळ्याजवळ अगदी. वाटलं दचकेल.

तो खात राहिला. पापणीसुद्धा हलली नाही.

मी चमचा बराच वेळ तसा धरून उभी होते. मग मीठ आणलं. टेबलाशी येऊन त्याच्या डावीकडचा कॉफीचा कप उचलला आणि उजवीकडे ठेवला. त्याने कपाकडे बघितलं, मग माझ्याकडे बघितलं, आणि कप उचलला. एक थेंब सांडला नाही. मांजर आत आलं, त्याला सॉसेजचा तुकडा दिला, बिचाऱ्यावर आळ घेतला होता.

कपडे अजून वाळायचेत. चेंडू सोड्यात भिजवून बघितला, डाग जात नाहीत.

उद्या सकाळी चर्चला जाणार. सेबॅस्टियनकडे नाही, शेजारच्या लुचियाकडे. मोठी मेणबत्ती घेईन. तिच्या ताटलीकडे बघून मागेन, पाठ न करता. साठ वर्षं पाठ केली ते तिच्या ध्यानात नसलं म्हणजे बरं.